फाइलमधलं पान चौदा

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला जागा, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, संडास. ती भाड्याने घ्यायची, सॉल्ट लेक सिटीहून निघायचं, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन करत वर ग्लेशियर नॅशनल पार्कपर्यंत जायचं, हा बेत मी न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तीन हिवाळे आखत होते. त्याची रिंगची फाइल केली होती. प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या खिशात, कोपऱ्यात नंबर. पान नऊवर लिहिलं होतं की फोडणी गाडीत करायची नाही, धुराचा अलार्म वाजतो. शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडायची. पान अकरावर अस्वलं होती, म्हणजे चिवड्याचं पाकीटसुद्धा बाहेर विसरायचं नाही. आणि पान चौदावर, लाल शाईत: ग्लेशियरमधल्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर एकवीस फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत.

तीनही उन्हाळे आम्ही भारतात गेलो. रजा साठते ती भारतासाठीच, हे आमच्या ओळखीत सगळ्यांनी धरूनच चाललेलं असायचं. एका वर्षी भाच्याची मुंज होती, दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तिसऱ्या वर्षी काहीच नव्हतं, तरी गेलो. मुलगी विचारायची, "मॉम, माउंटन्स? ऑर इंडिया अगेन?" मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी." नवरा हेच वाक्य माझ्याआधी म्हणायला लागला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जण राहायची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिला गाडी चालवायला मी शिकवली होती. हायवेवर शिरताना डोळे मिटायची. २००६च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माझ्या शेजारी बसली आणि तिळाची वडी खात म्हणाली, "ताई, ह्या समरला आम्ही इंडियाला जात नाहीये. आरव्ही घेऊन यलोस्टोन, ग्लेशियर करणार."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"रुसल्यात. रुसू देत."

त्या दोन शब्दांनी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे कित्येक महिने थांबलं नाही. तिने काही अवघड केलंच नव्हतं. सासूला एक फोन केला होता. मी तीन वर्षं नकाशे रंगवत बसले होते, आणि हिने फोन केला.

पुढच्या आठवड्यात ती दारात उभी. "ताई, तुमची ती फाइल द्याल का? आम्हाला यातलं काहीच कळत नाही हो. ह्यांनी नुसती अठ्ठावीस फुटी गाडी बुक करून टाकलीय. म्हणतात, मोठी घेऊ, पसरून झोपता येईल."

अठ्ठावीस फूट. मी म्हटलं, "थांब, आणते." आत गेले, रिंग उघडली, पान चौदा खिशासकट काढलं आणि कपाटात टॉवेलांखाली सरकवलं. रिंग बंद केली. फाइल तिला दिली, वर हिंगाची हवाबंद डबीही दिली.

त्यांना निघायला पाच महिने होते. जिन्यात रोज भेट व्हायची. सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी ती काहीतरी बोलायची, आणि माझा विचार बदलायचा. एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही पण चला की." एकदा म्हणाली, "तुमचं काय, यंदा पुणेच ना?" पुणेच होतं. आम्ही पुण्यात सासूबाईंच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसलो होतो, तेव्हा ती माझ्या पान सहावरच्या तळ्याकाठी चहा करत असणार, हा हिशेब मी रोज घड्याळ बघून करत होते.

ऑगस्टमध्ये ती फोटो आणि फाइल घेऊन आली. डायनिंग टेबलावर बसली आणि बोलतच सुटली. पान नऊमुळे अलार्म एकदाही वाजला नाही. अस्वल लांबून दिसलं. ग्लेशियरला मात्र पार्कच्या रेंजरने गाडी अडवली. "ह्यांचा असा चेहरा! एवढं धूड मागे वळवायचं, मागे गाड्यांची रांग, दोन्ही मुलं रडतायत, आणि हे मला म्हणतात, तू नीट वाचलं नाहीस."

"मग?" मी विचारलं. मला पुढचं ऐकायची घाई झाली होती.

"मग काय, गाडी खाली लावली आणि तिथल्या त्या लाल बसने गेलो. जुनी असते, वरचा टप उघडतो. ह्यांच्या हातात पहिल्यांदाच स्टिअरिंग नव्हतं ना, मान वर करून बघत बसले. ताई, अख्ख्या ट्रिपमधला बेस्ट दिवस!"

म्हणजे मी काढून घेतलेल्या पानाचंही तिथे सोनंच झालं होतं. मी उठून चहा टाकला.

ती गेल्यावर फाइल उघडली. तेरा आणि पंधराच्या मध्ये नवा खिसा होता. आत तिच्या अक्षरातलं पान, कोपऱ्यात चौदा. "हे पान नव्हतं, कुठेतरी गळालं असेल. तुम्ही जाल तेव्हा अडू नये म्हणून लिहिलंय. गाडी एकवीस फुटांच्या आतली घ्या, नाहीतर लाल बस." बसची वेळ आणि उजवीकडे बसायची सूचनाही होती.

रिंगच्या फाइलमधून पान खिशासकट गळत नाही. हे तिच्या लक्षात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही.

रविवारी पुण्याला नेहमीचा फोन लावला. नवरा शेजारी पेपर वाचत होता. मी म्हटलं, "आई, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही येत नाही. इथेच डोंगरात फिरायला जाणार आहोत." त्याने पेपर खाली घेतला.

सासूबाई म्हणाल्या, "जा की. तुम्ही येणार म्हणून आम्ही दर जून-जुलैत घराबाहेर पडत नाही. ह्यांना कधीचं हिमाचलला जायचंय."

फोन ठेवल्यावर कपाटातून टॉवेलांखालचं पान काढलं, फाडलं आणि टोपलीत टाकलं. फाइलमध्ये तिचंच राहू दिलं. त्यात जास्त माहिती होती.