पेटीतल्या बाहुल्या

नगरला सावेडीत आम्ही भाड्यानं राहतो, मी आणि आई. वरच्या मजल्यावर चोरी झाली आणि मला धास्तीच बसली. भाडेकरूंसाठीचा विमा मी काढलेला होता, पण त्यात फ्रिज, टीव्ही, कपाट असलं नेहमीचं सामानच धरलेलं. दागिने आणि माझा लॅपटॉप त्यात घालायचे तर विमा वाढवावा लागणार होता. म्हणून एका रविवारी सकाळी मी विमावाल्या बाईंना घरी बोलावलं.

बाई कामाला चोख. एकेका खोलीत जाऊन वस्तू लिहून घेत होत्या. आईच्या पलंगाखाली त्यांना पत्र्याची पेटी दिसली.

"यात काय आहे?"

"काही नाही हो," मी म्हणाले. "जुन्या बाहुल्या. भंगारच म्हणा. त्याची काय किंमत?"

मागं वळले तर दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी. तिनं कप पुढं केले आणि बाईंना विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

आई शेवगावजवळच्या एका गावात बालवाडी चालवायची. त्या हातात घालून खेळवायच्या बाहुल्या तिनं स्वतः केलेल्या, जुन्या मोज्यांच्या आणि शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांच्या. एक म्हातारी, एक कोल्हा, एक सदा रडणारी मुलगी. त्यांच्या तोंडून ती पोरांना गाणी, आकडे शिकवायची. कॉलेजसाठी नगरला आल्यावर मी मैत्रिणींना आई शिक्षिका आहे एवढंच सांगायचे. बाहुल्यांचं सांगायची मला लाज वाटायची.

पंधरा दिवसांनी झाडताना पाहिलं, तर पेटी जागेवर नव्हती.

"कोल्हारच्या अंगणवाडीत दिली," मेथी निवडता निवडता आई म्हणाली. "तिथली सेविका माझ्याच हाताखाली शिकली. कधीची मागत होती."

"मला विचारायचंस तरी!"

"त्यात काय विचारायचं? किंमत नाही म्हणालीस ना. खोटं कुठं बोललीस?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. पेटी परत आणते म्हणाले, तर म्हणाली, "दिलेलं परत मागतात का कुठं?"

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, नुसत्या बघून तरी येऊ. ती लगेच तयार झाली. नवी साडी नेसली.

कोल्हारला सेविकेनं आईचे पाय धरले. "बाई, तुमीच करून दाखवा एकदा. आमाला तसा आवाज न्हाई जमत."

आईनं म्हातारी हातात चढवली. घोगऱ्या, चिडक्या आवाजात ती मुलांना रागावू लागली, तिची काठी कुणी पळवली म्हणून. मुलं आधी गप्प झाली, मग हसून लोळायला लागली. लहानपणी मी हा आवाज रोज ऐकला होता. आई माझ्याकडे राहायला येऊन आठ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत एकदाही मी तिला म्हणाले नव्हते, पेटी उघड, म्हातारीला बोलतं कर.

परतताना एसटीत मी धीर केला. "आई, त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"खिडकी लाव गं," ती म्हणाली, "धूळ येतेय."

मी खिडकी लावली. राहुरी यायच्या आत तिला झोप लागली, मान माझ्या खांद्यावर आली. पुढचं बोलणं माझ्याकडून अजून झालेलं नाही.