आडसाली ऊस

गुऱ्हाळावर रस उकळायला लागला, की खुटबावची ती दुपार आठवते. धाकटा भाऊ जर्मनीत शिकत होता. कढईपाशी बसलेले मामा हसून आबांना म्हणाले, "सत्तावीस वर्षांचा झाला आन् अजून शिकतोयच? आपली पोरं बारावी झाली की कंपनीत लागत्यात." आमचे आबा शांतपणे म्हणाले, "तिकडं पोरं तिशीपर्यंत शिकत्यात. त्यो आडसाली ऊस हाय मामा. दीड वरीस रानात ऱ्हातो, पर वजनाला उतरतो." मग कंपनीच्या कपड्यांतल्या माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो सुरूचा, वर्षात तोडला. त्याच्यावरच घर चाललंय." आणि ताज्या गुळाचा पहिला खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. परवा बारावी झालेल्या माझ्या पोरानं विचारलं, "मी कंपनीत कवा लागू?" म्हटलं, "तुला तोडायची घाई न्हाई."