हवेचा स्क्रू

माझा दात घासायचा ब्रश पुन्हा गायब होता आणि तो कुठे सापडेल हे मला माहीत होतं. पोर्चमध्ये, पेट्रोल भरलेल्या वाटीत. वाटीसुद्धा माझीच. तिच्यात आमचे गृहस्थ कार्बोरेटर बुडवतात आणि माझ्या ब्रशने घासतात. वर मलाच विचारतात, ‘‘जुना होता ना?’’ जुना नव्हता. या घरात ब्रश जुना व्हायला वेळच मिळत नाही.

गृहस्थांचं नाव सूर्यकांत. तोंडाने मी कधी घेतलं नाही, पण लिहिताना घ्यायला हरकत नाही. माझी सासरची माणसं वर्ध्याकडची. सासरे फॅक्टरीच्या नोकरीसाठी जबलपूरला आले, मग त्याच फॅक्टरीत सूर्यकांत लागले आणि प्रेस शॉपमधून रिटायर झाले. प्रेस शॉप म्हणजे दिवसभर लोखंडावर धाडधाड. तिथली माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलतात आणि तीच सवय घरी घेऊन येतात. रांझीतली आमची अख्खी गल्लीच अशी. गणपतीच्या वर्गणीची मीटिंग भरली की नव्या माणसाला वाटावं, मारामारी जुंपली. मी लग्न होऊन आले तेव्हा घाबरले होते. पुढे मीही ओरडू लागले.

रिटायर झाल्यावर लोक देवधर्म करतात, नातवंडं खेळवतात. सूर्यकांत मोटरसायकल ट्यून करतात. गाडी जुनी, लग्नानंतर घेतलेली. मुलगा अभिराम पुण्याहून दर फोनला सांगतो, ‘‘आई, ती विकून टाका.’’ पण विकायची कशी? एके काळी गल्लीतल्या सगळ्या गाड्या रविवारी सकाळी आमच्या दारात उभ्या असायच्या. सूर्यकांत डोळे मिटून, मान जरा वाकडी करून कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू फिरवायचे. हवा कमी पडली की इंजिन घुसमटतं, धूर सोडतं आणि प्लग काळा पडतो. हवा जास्त झाली की तापतं आणि प्लग पांढरा पडतो. मधे एक जागा असते. तिथे आवाज एकदम मोकळा होतो आणि प्लग विटकरी निघतो. मला हे कुणी शिकवलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चवर उघडते, म्हणून पोळ्या लाटता लाटता कानावर पडत गेलं. ती जागा यांना चटकन सापडायची. लोक म्हणायचे, सूर्यकांतजींचा कान आहे.

आता मात्र स्वतःच्या गाडीची ती जागा सापडेना. रोज सकाळी तेच. गाडी चालू, स्क्रू आत, स्क्रू बाहेर, गाडी बंद, कार्बोरेटर खाली, माझा ब्रश. पोह्यांना पेट्रोलचा वास, टॉवेलला पेट्रोलचा वास. आधी पेट्रोल खराब ठरलं. मग जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक नळी, खराब ठरली. मग नवा कार्बोरेटर आणला, तर तो जुन्याहून वाईट ठरला.

वैतागून मी घमापुरहून रज्जन भैयाला बोलावलं. तो यांच्याच हाताखाली गाड्या शिकलेला मेकॅनिक. त्याने स्क्रू फिरवला आणि मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, झालं. मोकळा आवाज. ‘‘भाभीजी, गाड़ी एकदम बढ़िया है,’’ तो म्हणाला. ‘‘अब बाबूजी को हाथ मत लगाने देना.’’

सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबूजींनी पुन्हा सगळं उघडलं.

‘‘अहो, चांगली चालून राहिली होती ना! काहून खोलली?’’

‘‘त्या रज्जनला काय समजते? आवाजात दम नव्हता. एकदा नीट जमू दे, तुला बरगीला नेतो. धरण पाहायचं होतं ना तुला?’’

धरण मला नवी नवरी असताना पाहायचं होतं. आता मला फक्त माझा ब्रश हवा होता. मी बोलले, जे तोंडाला आलं ते बोलले. ते शांतपणे जेट फुंकत बसले. माणूस भांडतसुद्धा नाही, याचा राग निराळाच.

सोमवारी आम्ही ग्वारीघाटावर नर्मदेच्या दर्शनाला जातो. त्या सोमवारी गाडी कशीबशी फटफटत निघाली. घमापुरच्या गर्दीत मागून ट्रक आला. हॉर्न देत होता, सारखा देत होता. हे आपले रस्त्याच्या मधून. मी पाठीवर बुक्की मारली तेव्हा दचकून बाजूला झाले आणि ट्रक माझ्या गुडघ्याला वारा देऊन गेला.

‘‘हॉर्न ऐकू येत नाही?’’ मी किंचाळले.

‘‘कोणी दिला हॉर्न?’’ ते म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते.

घाटावर मी हात जोडले, पण लक्ष लागेना. घरी आल्यावर यांची पाठ माझ्याकडे असताना मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘‘चहा घेता?’’ उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाही. समोर जाऊन म्हटलं, तर हसून म्हणाले, ‘‘विचारून काय राहिली? टाक.’’ ज्या गल्लीत सगळेच ओरडतात, तिथे एकाचे कान गेले हे कळणार कुणाला? मलासुद्धा कळलं नव्हतं. मी आपली ब्रशावरून भांडत होते.

संध्याकाळी फोनवर अभिरामला सांगितलं. तो यांच्याशी बोलला, कानाच्या मशीनचं बोलला. यांनी फोन माझ्या हातात दिला. ‘‘मला काही झालं नाही. आज कान म्हणता, उद्या म्हणाल गाडी चालवू नका.’’

तेच तर म्हणायचं होतं. पण माझ्याच्याने म्हणवलं नाही. फॅक्टरी गेली, रविवारच्या गाड्या गेल्या, राहिली होती ही एक. आणि ही जमली की हे बरगीच्या हायवेवर जाणार, ट्रकांच्या मधे, मला मागे बसवून किंवा न बसवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पोर्चमध्ये बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘जरा इथं उभी राहा. या आवाजानं माझं डोकं दुखून राहिलं. तुला बरोबर वाटलं की हात वर कर.’’

डोकं दुखतं म्हणे. मला सगळं समजलं आणि त्यांनाही समजलं असणार. मी उभी राहिले.

त्यांनी स्क्रू फिरवायला घेतला. इंजिन घुसमटलं, सावरलं, मग आवाज मोकळा झाला. तीच जागा. रविवारच्या सकाळची. माझा हात पदरातच राहिला. ते पुढे गेले, आवाज फाटला, परत आले, पुन्हा ती जागा आली. मी नुसती बघत राहिले.

‘‘नाही?’’

‘‘नाही. अजून नाही.’’

असं रोज चाललं. जिला या ट्यूनिंगचा वीट आला होता, तीच आता ते संपू देत नव्हती. मला स्वतःची चीड यायची, त्यांची यायची, त्या प्रेस शॉपची तर फारच यायची. पोळ्या करपायच्या. गाडी पोर्चमधून हलत नव्हती, तेवढं समाधान. तेसुद्धा धड समाधान नव्हतं.

मग एकदा स्क्रू फिरवता फिरवता ते माझ्या हाताकडे बघेनात, तोंडाकडे बघू लागले. ती जागा आली. मी हात खालीच ठेवला, पण तोंडाचं काय करणार? ते तिथेच थांबले. गाडी बराच वेळ तशीच चालू ठेवली. मग बंद केली आणि थंड झाल्यावर प्लग काढला.

विटकरी. मला उभ्या जागेवरून दिसला.

त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटासुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं. आता ओरडतील म्हणून मी तयार होते, माझ्याकडेही पुष्कळ साठलं होतं. त्यांनी प्लग पुसून जागेवर बसवला, पान्याने आवळला. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवत राहिले, त्या जागेपासून पार लांब. गाडी पुन्हा चालू केली. ती ठसकत राहिली.

‘‘बरोबर आहे तुझं,’’ ते म्हणाले. ‘‘नाही जमली अजून.’’

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी आत गेले, आणि बाथरूममधून माझा नवा ब्रश आणून त्यांच्या वाटीत ठेवला.