गणपतीच्या स्टेजवर कुणी मरायचं नाही

"गणपतीच्या स्टेजवर कुणी मरायचं नाही." डब्लिनमधल्या आमच्या मंडळाचा हा नियम. अध्यक्ष वर्तककाका तो सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, "आणि का, ते विचारायचं नाही!"

ह्या वर्षी मी त्याच स्टेजसाठी नाटक लिहिलं. त्यात नायिका मरते. मग तालमींचे किस्से साठणारच. आमच्या किचनच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मंडळाचे डबे साठतात ना, तसे. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं, आणि परत न्यायला कुणीच येत नाही!

*

चिनी तलवारबाजीचे पिक्चर तुम्ही पाहिले असतील. माणसं छपरांवरून उडतात, दोन घराण्यांचं वैर असतं, गुरूची आज्ञा मोडून दोघं प्रेमात पडतात, आणि शेवटी बर्फात त्याच्या मांडीवर ती प्राण सोडते. माझं नाटक तसंच. नायिका मी. नायक निखिल, इथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर.

कमिटीपुढे वाचन झालं. काकांनी चष्मा काढून पुसला. "छान आहे. फक्त शेवटी ती बरी होते, एवढं कर."

"काका, तलवार आरपार गेलीय."

"मग काय झालं? निखिल आहे ना, डॉक्टर!"

निखिल म्हणाला, "काका, डॉक्टर म्हणूनच सांगतो. ती गेलीय."

*

उडायचं कसं, हा मोठाच प्रश्न होता. तालमी सँट्रीतल्या एका हॉलमध्ये. तिथला केअरटेकर ब्रेंडन सज्जन माणूस. मी त्याला दोर, कप्पी, हुक, सगळं कागदावर काढून दाखवलं. त्याने छताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, निखिलच्या पोटाकडे पाहिलं.

"इट्स ग्रँड," तो म्हणाला. "बट नोबडी फ्लाइज."

मग चाकाच्या खुर्च्या आणल्या. खुर्चीवर निखिल एक पाय मागे ताणून उभा, काळे कपडे घातलेली दोघं मागून ढकलणार. पहिल्याच उड्डाणात ढकलणाऱ्यांचे हात सुटले. निखिल तलवार उगारून थेट हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिथे वर्तककाकू मोदकांचं सारण करत होत्या.

काकूंनी मानही वर केली नाही. "आलायस तर ढवळ."

*

तलवारी थर्माकोलच्या, वर स्वयंपाकाची फॉइल. निखिल त्या घेऊन सँडीफोर्डहून लुआसने, म्हणजे इथल्या ट्रामने, निघाला. शेजारच्या आयरिश आजींनी विचारलं, लग्नाला चाललायस का रे?

"नाही," निखिल म्हणाला, "मरणाला. माझी प्रेयसी जाते. तलवारीने."

निखिलला वाटलं, त्या हसतील. आजींनी त्याचा हात हातात घेतला. "सॉरी फॉर युवर ट्रबल, लव्ह." इथे कुणी गेलं की असंच म्हणतात, अगदी पहिल्या मिनिटाला, अगदी अनोळखी माणूससुद्धा. सिटी सेंटर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. नाटक आहे, हे सांगायची निखिलची हिंमतच झाली नाही!

*

निखिलची आई कोल्हापूरहून आलीय. ती रोज तालमीला बसते. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं.

"दोघं एवढी उडत्यात, व्हय?"

"हो, काकू."

"मग उडत उडत रजिस्टर हापिसात का जाईनात?"



*

कमिटीने मात्र हार मानली नाही. नायिका फक्त बेशुद्ध पडू दे. मेली ती तिची जुळी बहीण असू दे. हे सगळं स्वप्न असू दे! शेवटी न विचारताच ठरलं: मी मेल्यावर वर्तककाका महागुरू बनून येतील, मला मोदक भरवतील, मी उठेन आणि आरती सुरू होईल. काका डून लेरीला समुद्रात पोहायला जातात, त्यासाठीचा बाथरोब त्यांनी कॉस्च्यूम म्हणून धुऊन ठेवला. पांढरी दाढी घरीच केली, लोकरीची.

*

मी एवढी का भांडत होते?

असले पिक्चर मी आत्याबरोबर पाहायचे, नाशिकला, दुपारी, हिंदीत डब केलेले. ती नायिका मेली की आत्या भाकरीचं ताट बाजूला सारायची. "गेली बिचारी. चल, आता नीट रडून घेऊ."

गेल्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आत्या गेली. बाबांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, "निवेदन तिच्याकडे आहे. कार्यक्रम होऊ दे, मग सांगू." कमिटीत सगळ्यांना माहीत होतं. मी पुढचे तीन दिवस माइकवर विनोद करत होते, आणि पहिल्या रांगेत बसून ते हसत होते. मला सांगितलं विसर्जनानंतर, कार पार्कमध्ये.

"तुझ्या भल्यासाठीच गं," काका म्हणाले होते.

*

तर, ह्या वर्षीचा प्रयोग. खुर्च्या बरोबर उडाल्या. फॉइलची तलवार लागली. थर्माकोलचा बर्फ पडला. मी निखिलच्या मांडीवर मेले.

बाथरोबमधले महागुरू आले. "ऊठ, कन्ये!"

मी उठले नाही.

"ऊठ, कन्ये!" मोदक माझ्या ओठांना लागला. मी दात घट्ट मिटले.

"ऊठ गं," काका दाढीतून कुजबुजले, "आरती खोळंबलीय." माइक चालू होता. हॉल खदखदून हसला.

निखिलने माझी नाडी धरली, घड्याळात पाहिलं आणि जाहीर केलं, "पाच वाजून वीस मिनिटं."

हसणं आणखी वाढलं. काकांनी माझा दंड धरून ओढला. तेव्हा मी डोळे न उघडता म्हणाले, "मी मेलेय, काका. आणि ह्या वेळी सगळ्यांना आत्ताच कळू दे."

हसणं थांबलं. मी एक डोळा किलकिला केला. दारात ब्रेंडन होता. त्याला मराठी येत नाही. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती.

पहिल्या रांगेत अख्खी कमिटी बसली होती. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. काकांची दाढी एका कानावरून सुटून लोंबत होती, हातात मोदक तसाच.