नानांचे कान

नाना अपमान लोणच्यासारखा मुरवत ठेवायचे. बरणी कधी उघडतील, हे त्यांच्या बायकोला, काकूलाही कळायचं नाही. अणदूरला आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे मी हे सगळं जवळून पाहिलं.

गावच्या भजनी मंडळाचा पखवाज नानांनी सुरात लावल्याशिवाय भजन सुरू होत नसे. "कान हाय म्हणून मान हाय," असं ते नेहमी म्हणत. अशा माणसाकडं पुण्याचे साडू सुधाकरराव दिवाळीला आले आणि नानांच्या अँप्लिफायरसाठी करंगळीएवढी जाड, महागडी वायर घेऊन आले. भिंतीतल्या प्लगपासून मशीनपर्यंतची वायर बदलली की म्हणे गाणं उजळतं. ऐकायला मंडळ जमलं. नानांनी ऐकून सरळ सांगितलं, "मला तर काय फरक वाटंना."

"वय झालं नाना. कान गेले तुमचे," सुधाकरराव सगळ्यांदेखत हसत म्हणाले. मंडळानं माना डोलावल्या. पुढच्या एकादशीला पखवाज लावायला नळदुर्गहून दुसराच माणूस आला. नाना दारात बसून ते भजन ऐकत राहिले. त्या साडूचा मला आजही राग येतो.

वर्षभर नाना गप्प. मग खंडोबाच्या जत्रेला त्यांनी साडूला आग्रहानं बोलावलं, पोटभर जेवू घातलं आणि मंडळासमोर अँप्लिफायरपुढं चादर टांगून भजनाची कॅसेट लावली. "म्या मागं वायरीला हात लावतो. तुमची कवा वाजती ते वळखा."

दुसऱ्याच खेपेला सुधाकररावांनी मांडीवर थाप मारली. "ही माझी. पखवाज बघा कसा सुटा वाजतोय."

नानांनी चादर काढली. मशीनला जुनीच वायर होती. मग त्यांनी पाव्हण्याला हाताला धरून परसात नेलं. तिथं खुंट्याला शेळी बांधली होती, त्या जाड वायरनं. "सकाळधरनं हितंच हाय," नाना म्हणाले. "हिच्या आवाजात मातर लई फरक पडलाय."

दुसऱ्या दिवशी मंडळ पखवाज घेऊन दारात आलं. "कान गेल्यात माझे," म्हणत नानांनी त्यांना पुढच्या जत्रेपर्यंत ताटकळत ठेवलं. नानांनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही, आणि मला ते आवडायचं.

नाना गेले तेव्हा सुधाकरराव आले. डोळे पुसत काकूला म्हणाले, "नानांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता."

"कान गेले, हे चारचौघांत म्हणला व्हता, पाव्हणं," काकू म्हणाली. "मंडळ भाईर बसलंय. हेबी तितंच म्हणा."

सुधाकरराव उठून बाहेर गेले, मंडळासमोर उभे राहून पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाय," काकू उंबऱ्यातून म्हणाली.