वहिनींचं मर्ज

माझ्या एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन आत्यांना एका सोफ्यावर बसवून चहा पाजण्याचा पराक्रम आजवर एकट्या वहिनींच्या नावावर आहे. ऑफिसातही त्या हेच करतात, फक्त तिथे त्याचा पगार मिळतो.

त्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम बनवते. दोन वर्षांपूर्वी त्याची एक प्रत मुलांच्या वॉर्डासाठी वेगळी काढली. अशा प्रतीला हे लोक ब्रांच म्हणतात. लवकरच मूळ ब्रांचमध्ये मिसळून टाकू, असं ठरलं होतं. पण एकदा वेगळं बिऱ्हाड थाटल्यावर परत यायची सवड कोणाला असते? मूळ घर ऑफिसातल्या एका दाढीवाल्याने सांभाळलं, नवं एका चष्मेवालीने. दोघांनी एकमेकांना न विचारता आपापल्या भिंती पाडल्या, खिडक्या फोडल्या. मग साहेबांनी जाहीर केलं, सोमवारपासून मुलांच्या वॉर्डासकट सगळीकडे एकच प्रोग्राम. दोन्ही ब्रांच जोडायचं, म्हणजे मर्ज करायचं काम अर्थातच वहिनींच्या गळ्यात.

वहिनींनी मूळ ब्रांचला हातसुद्धा लावला नाही. बाजूला तिसरी, तालमीची ब्रांच काढली आणि तिच्यात थोडे थोडे बदल मिसळत गेल्या. दोघांनी एकच ओळ बदललेली असली की कॉम्प्युटर हटून बसतो, तुमचं तुम्ही ठरवा म्हणतो. ही भांडणं त्यांनी एकेक करून मिटवली. शुक्रवारी बदलांचा शेवटचा गठ्ठा मात्र हूं की चूं न करता मिसळला. चाचण्याही पास. साहेब खुर्चीमागे येऊन म्हणाले, आता मर्जचं बटण दाबा आणि मोकळ्या व्हा.

"भांडण झालं असतं तर दाबलं असतं, साहेब," वहिनी म्हणाल्या. "मुकाट्याने जुळलं ना, म्हणून धाकधूक वाटतेय."

अशा वेळी वहिनींचा एक नियम असतो. प्रत्येकाने स्वतःचे नव्हे, दुसऱ्याचे बदल समजावून सांगायचे. ऑफिसात याला सासुरवास म्हणतात. दाढीवाला कुरकुरत चष्मेवालीचं काम वाचू लागला. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस स्क्रीनवर आणताना निम्मा करायचा, इथवर आला आणि थबकला.

"अगं, पण तो मी हिशेबातच निम्मा केलाय की."

फायली वेगळ्या, म्हणून कॉम्प्युटरला भांडायचं कारणच नव्हतं. चाचण्याही ज्याच्या त्याच्या खोलीपुरत्या. दोघेही बरोबर, आणि आजारी मुलाला मिळणार पाव डोस!

साहेब खुर्ची ओढून बसले. वहिनींनी दोघांकडून मुलाच्या वजनापासून स्क्रीनवरच्या डोसपर्यंत सगळं तपासणारी एकच चाचणी लिहून घेतली. ती आधी नापास होतेय हे डोळ्यांनी पाहिलं, मगच निम्मं करणं एका जागी ठेवलं. संध्याकाळी बटण दाबलं.

सोमवारी वॉर्डातल्या नर्सबाईंनी मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या एका मुलीचा डोस हाताने काढून पाहिला आणि फोन केला, स्क्रीनवर तोच आलाय. वहिनी "बरं" म्हणाल्या. घरीही तेवढंच. बाकीचं आम्हाला चष्मेवालीने सांगितलं. दर आठवड्याला मर्ज झालंच पाहिजे, हा वहिनींचा नवा कायदाही तिच्याकडूनच कळला.

दादाला यातलं अक्षर कळत नाही. पण जिन्यात जो भेटेल त्याला पिशवीसकट थांबवून तो सांगतो, "आमच्या हिला विचारल्याशिवाय तिथे आता काही जोडत नाहीत."