सुमनकाकीच्या अक्षता

हे मी आजवर कोनालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, देवापुढंही नाही. तुमाले सांगून राह्यलो — काहून, ते मलेच ठाऊक नाही. सांगतो पन. मधात थांबलो तर थांबू द्या.

प्रफुल माहा लहानपनचा दोस्त. मेडशीत त्याचं घर अन् आमचं घर भिंतीले भिंत. गेम खेळाचा कम्प्युटर आपल्या हातानं जोडाचा, हे खूळ पहिले माहं होतं — त्याचं नाही, माहं. माही एक वही होती. कोनता प्रोसेसर घ्याचा, त्याले कोनता मदरबोर्ड चालते, पावर सप्लाय हलका काहून घ्याचा नाही, सारं मोबाईलवर व्हिडिओ पाहू पाहू लिहेल. रॅमची पट्टी सोळा जीबीची एक नाही, आठाच्या दोन घ्याच्या, हेही त्यात. प्रफुल हासे. म्हने, "काय बे, कागदावरच खेळतं का गेम?"

मंग त्याले वाशिमले नोकरी लागली. माही नाही लागली. अन् एक दिवस तोच म्हने, "वही आन बे तुही."

मी देल्ली. नाही कसं म्हनू? सामान निवडाले मीच बसलो त्याच्यासंग. मी वहीतून एक-एक नाव वाचू, तो मोबाईलवर बटन दाबे. खोटं कायले बोलू — जळलो मी. डबे अकोल्याहून एसटीनं आले, तेही फाट्यावरून मीच मांडीवर धरून आनले. जोडलं दोघांनी, पन अर्ध्याच्या वर मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मायनं, सुमनकाकीनं, पूजा ठेवली. घरात नवं काही आलं का काकी त्याले कुंकू लावे — मंग पंखा असो का मिक्सर. गल्लीतले दहा-पंधरा लोक जमले. प्रफुल ओट्यावर उभा राहून साऱ्यायले सांगत होता, "मीच निवडला ना एक-एक पार्ट." आत मी एकटा होतो. लोकायले आतलं दाखवाले म्हनून कम्प्युटरचं बाजूचं झाकन उघडंच ठेवलं होतं.

अन् मी... दोन्ही रॅम खाचेतून सैल केल्या. दोन्ही. एकच केली असती तर मशीन चालू झालं असतं, हे मले माहीत होतं. पाहनाऱ्याले दिसू नये, इतक्याच वर ओढल्या.

काकी ताट घेऊन आली. कुंकू लावलं, अक्षता वाह्यल्या. दोन-चार दाने उघड्या बाजूनं आत पडले. प्रफुलनं बटन दाबलं. पंखे फिरले, लाईटा लागल्या, पन स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं. पुन्हा काळीच. कोनीतरी फिसकन हासलं, अन् प्रफुल साऱ्यायपुढं मायवर भडकला — "तुले कोनं सांगतलं होतं तांदूळ टाकाले? अडानी कुठची!"

काकीच्या हातातलं ताट तसंच होतं, निरांजन जळत होतं.

तवा तरी मी बोलाचं होतं ना? बोललोच की! "थांबा, पाहू द्या" म्हनलो. मशीन बंद केलं, आत हात घातला, रॅम दाबून बसवल्या. अन् तांदळाचा एक दाना चिमटीत धरून साऱ्यायले दाखवला. "हे पाहा. हे अडकलं होतं."

मशीन चालू झालं. टाळ्या वाजल्या. प्रफुलनं मिठी मारली मले. लाज वाटली म्हनू? नाही वाटली. बरं वाटलं. लय बरं वाटलं.

त्याले आता सात वर्सं झाले. त्या दिवसापासून काकीनं एकाही नव्या वस्तूले कुंकू नाही लावलं. फ्रिज आला, घरची चक्की आली — ताट काकीच सजवते, पन दारातच उभी राहते अन् मले हाक मारते. "तू लाव बाप्पा. तुह्या हाताले गुन हाय. माह्या हातानं बिघडते."

अन् मी लावतो. दर वेळी लावतो.

यंदा दसऱ्याले प्रफुलनं मोटरसायकल आनली. काकीनं ताट माह्या हाती देल्लं, अन् दोन पावलं मांगं सरकली. मी कुंकू लावलं, अक्षता वाह्यल्या. एक दाना टाकीवरून घसरून इंजिनाजवळ अडकला. काकी घाईघाईनं पुढं आली, गुडघ्यावर बसली, अन् पदराच्या टोकानं तो दाना हळूच काढला. मंग पदर मुठीत धरून प्रफुलकडं पाह्यलं — त्यानं पाह्यलं तर नाही ना, म्हनून.

त्यानं नव्हतं पाह्यलं. मी पाह्यलं. ताट अजून माह्याच हातात होतं.